तटावर चढू नकोस

स्केलबेक,
९ मे १९६७

प्रिय फिलिस,

आमच्या चॅपेलची यंदाची सहल यॉर्कला ठरली आहे. दरवर्षी समुद्रावर नेतात आणि दरवर्षी पाऊस पडतो. म्हणून या खेपेला बेसी आल्डरसन सभेत उठून म्हणाली, की भिजायचंच असेल तर डोक्यावर छप्पर असलेल्या गावात भिजू. आणि यॉर्क ठरलं. शनिवार, १० जून. बस सकाळी दहाला पोहोचते आणि पाचला परत निघते.

बाबा गेल्यापासून मी रिचमंडच्या बाजारापलीकडे गेलेले नाही. तुझं नवं घरही पाहिलेलं नाही. तेव्हा दुपारी तुझ्याकडे चहाला येईन म्हणते. जेवणाची खटपट करू नकोस, आम्ही सगळे डबे घेऊन निघणार आहोत. जिल त्या दिवशी घरी असेल का? नाताळपासून तिचं पत्र नाही. एरवी पोरगी महिन्याला चार ओळी तरी खरडायची. रागावली आहे की प्रेमात पडली आहे, ते तूच कळव.

इथे सगळं ठीक. उशिरा जन्मलेली दोन कोकरं गेली, बाकीची टणक आहेत.

तुझी,
ॲग्नेस


यॉर्क,
१५ मे

प्रिय ॲग्नेस,

तुझं पत्र वाचून इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. नेमकं १० जूनला आम्ही इथे नाही. सिरिलच्या साहेबांनी आम्हा दोघांना शनिवार-रविवार स्कारबरोला बोलावलं आहे. महिन्यापूर्वीच ठरलं, आता नाही म्हणणं बरं दिसणार नाही. जिलही नाही. लीड्सला तिच्या कचेरीत कामाचा ढीग पडला आहे, म्हणून पत्रं लिहायला तिला फुरसत होत नाही. रागावलेली वगैरे मुळीच नाही.

पण तुझा दिवस चांगला जावा म्हणून मी सगळं नीट लिहून देते, त्याप्रमाणे कर. बस नदीजवळ थांबेल. तिथून आधी किल्ल्याजवळच्या संग्रहालयात जा. आत जुन्या काळचा आख्खा रस्ता उभा केला आहे, दुकानं आणि घोडागाडीसकट. तिथे दोन तास सहज जातात. मग नदीवर बोटीतून चक्कर मार. पुलाजवळ चहाचं एक स्वच्छ दुकान आहे, तिथला केक घे. वेळ उरला तर शॅम्बल्सची गल्ली बघ.

मिन्स्टर, म्हणजे ते मोठं चर्च, बाहेरूनच पाहिलंस तरी पुरे. आत कसलंसं काम काढलं आहे, सगळीकडे धूळ. आणि शहराच्या तटावर काही चढू नकोस. पायऱ्या उंच आहेत, निसरड्या आहेत आणि तुझा गुडघा आहे. वर बघण्यासारखं काही नाही, नुसती लोकांची परसं दिसतात.

कोकरांचं वाचून वाईट वाटलं.

तुझी,
फिलिस


स्केलबेक,
२० मे

प्रिय फिलिस,

यादी मिळाली. तुम्ही नसलात तरी मी वाट वाकडी करून तुझ्या दारापर्यंत येईन म्हणते. जिलसाठी चीज केलं आहे, तिला लहानपणी आवडायचं तसं, जरा आंबूस. जूनच्या उकाड्यात ते टपालाने पोहोचायचं नाही. शेजारी कुणाकडे ठेवलं तर तू आल्यावर घेशील ना? शेजारणीचं नाव कळव.

ॲग्नेस


यॉर्क,
२५ मे

प्रिय ॲग्नेस,

कृपा करून एवढ्या लांब पायपीट करू नकोस. शेजारच्या बाईशी आमचं फारसं बोलणं नाही. आणि खरं सांगायचं तर चीज आता आमच्याकडे कुणी खात नाही. सिरिलच्या पोटाला सोसत नाही, जिलला सवय राहिली नाही. सहलीतल्या बायकांना वाट, त्यांना आनंद होईल.

घाईत आहे. घरात पाहुण्यांचं थोडं चाललं आहे.

फिलिस


स्केलबेक,
१३ जून

प्रिय फिलिस,

यॉर्क पाहून आले. दिवस स्वच्छ होता, थेंबभरसुद्धा पाऊस नाही. बेसीला त्याचंच वाईट वाटत होतं, कारण ती छत्री आणि रबरी बूट दोन्ही घेऊन आली होती.

तुझ्या यादीप्रमाणे सगळं केलं. संग्रहालयातला रस्ता पाहिला. तिथे काचेमागे लोणी काढायचं पिंप ठेवलं आहे आणि शेजारी पाटी, की पूर्वीच्या बायका हे वापरत असत. मी आमचं परवाच वापरलं. बेसी म्हणाली, "ॲग्नेस, तू पण आत जाऊन उभी राहा, तुलाही तिकीट लावतील." बोटीत बसलो. केक खाल्ला, बरा होता.

शेवटी तटावरही जाऊन आले. गुडघ्याने काही कुरकुर केली नाही. बघण्यासारखं बरंच होतं.

स्कारबरो कसं झालं ते लिही. सविस्तर लिही.

ॲग्नेस


यॉर्क,
१९ जून

प्रिय ॲग्नेस,

तुझा दिवस छान गेला हे वाचून बरं वाटलं. सगळ्या चॅपेलला यॉर्क आवडलं असेल.

स्कारबरो तसं ठीक. वारा फार होता. सिरिलची हॅट उडून पाण्यात गेली आणि साहेबांच्या बायकोला हसू आवरेना. समुद्राचं पाणी बर्फासारखं. मी पाय घातला आणि लगेच काढला. रविवारी डोकं दुखत होतं म्हणून मी खोलीतच होते.

तू तटावर नक्की कुठल्या बाजूला गेली होतीस? उगाच विचारते. दक्षिणेकडचा भाग त्यातल्या त्यात बरा आहे म्हणतात. आणि किती वाजता?

तुझी,
फिलिस


केझिक,
२६ जून

प्रिय ॲग्गी मावशी,

हे पत्र लिहू की नको, यात मी दोन आठवडे घालवले. ह्यू म्हणतो, लिही आणि मोकळी हो. तेव्हा लिहिते.

दहा तारखेला माझं ह्यूशी लग्न झालं. हे तुला माहीत आहे, तरी मला माझ्या हाताने लिहायचं होतं. लग्नाच्या सगळ्या चिठ्ठ्या आईने लिहिल्या. तुझी मी लिहिणार होते, तर आई म्हणाली, बहिणीला बहिणीनेच बोलवायला हवं. मग तिने सांगितलं की तुला तीनदा कळवलं आणि तिन्ही वेळा तू नाही म्हणालीस. का, म्हणून मी खोदून विचारलं. आधी ती सांगेना. मग म्हणाली की तू लिहिलंस, "लागली तेवढी वर्षं मी तिला सांभाळली. आता ती तुमची. मला यात ओढू नका."

मला इतका राग आला की मी तुला ओळसुद्धा लिहिली नाही. आता राग उतरला आहे, आणि आता मला ते खरं वाटत नाही. तू बोलायला तिखट आहेस हे मला माहीत आहे. पण तू असं म्हणशील?

लग्न छोट्या चर्चमध्ये झालं आणि जेवण ह्यूच्या मामांच्या बागेत. ते मिन्स्टरमध्ये मोठे पाद्री आहेत, घर अगदी तटाखाली. सगळं छान झालं. पहिल्या बाकावर आईशेजारची जागा रिकामी होती. मी ती मुद्दाम ठेवायला लावली होती.

ऑगस्टमध्ये आम्ही कॅनडाला जातो. ह्यूला तिथे नोकरी लागली आहे. परत कधी येऊ ते ठाऊक नाही. जाण्याआधी मला तुझ्याकडून एवढंच हवं आहे. तू ते म्हणालीस का? एक ओळ लिहिलीस तरी चालेल. तू म्हणाली नसलीस तर आम्ही दोघं येऊन चार दिवस तुझ्याकडे राहू. मी ह्यूला वरचं कुरण दाखवणार आहे.

तुझी,
जिल


स्केलबेक,
३० जून

फिलिस,

काल जिलचं पत्र आलं. लग्नाला का आली नाहीस, असं तिने विचारलं आहे. तू मला तीनदा बोलावलंस म्हणे. आणि मी काय उत्तर दिलं तेही तिने लिहिलं आहे. "लागली तेवढी वर्षं मी तिला सांभाळली." वाक्य चांगलं जमवलं आहेस. अगदी माझ्यासारखं वाटतं. मी दोनदा वाचलं आणि मलाच वाटायला लागलं की कधीतरी म्हटलं असेन.

आता माझा यॉर्कमधला दिवस ऐक. मागच्या पत्रात मी निम्माच लिहिला होता. उरलेला तू लिहिशील म्हणून वाट पाहिली. तू सिरिलची हॅट लिहून पाठवलीस.

तुझी यादी दीड वाजेपर्यंत संपली. बेसीला बूट चावत होते, म्हणून ती पुलाजवळच्या त्या चहाच्या दुकानात बसून राहिली. मी एकटीच निघाले. शॅम्बल्सच्या गल्लीत इतकी गर्दी, की पाय उचलायचेसुद्धा कष्ट नाहीत, लोकच पुढे नेतात. गल्ली संपते तिथे एक फळवाला उभा होता. त्याच्याकडून स्ट्रॉबेरी घेतल्या. तो म्हणाला, "सहलीला का, बाई? तट पाहिलात?"

"बहिणीने चढू नको म्हणून सांगितलंय," मी म्हटलं. "पायऱ्या निसरड्या आहेत म्हणे."

"आठवडाभर पाऊस नाही, निसरड्या कशाने होतील? बहीण यॉर्कचीच ना तुमची?"

"सतरा वर्षं इथेच राहते."

"मग तिला तुम्ही वर यायला नको असाल," तो म्हणाला आणि हसला. चेष्टेने म्हणाला बिचारा.

मीसुद्धा हसले. आणि चढले. मी रोज मेंढ्यांमागे डोंगर चढते, फिलिस, आणि तू मला तीस पायऱ्यांची भीती घातलीस. शंका मला घरीच यायला हवी होती. पण बहिणीच्या पत्रात शंका शोधायची सवय नाही मला.

मंक नावाच्या जुन्या वेशीपाशी चढले आणि मिन्स्टर डाव्या हाताला ठेवून चालत राहिले. वर छान वारा होता. खाली मोठी झाडं, हिरवळी, बागा. मला वाटलं, एवढं चांगलं आणि ही म्हणते बघण्यासारखं काही नाही. पुढे एका ठिकाणी दहा-बाराजण कठड्याला टेकून खाली बघत उभे होते. मीही जाऊन टेकले. खाली एका बागेत लग्नाची मंडळी होती. पांढरी टेबलं मांडलेली, सगळ्यांच्या हातात पेले.

आधी आवाज ओळखला. सिरिलचा आवाज कुठेही गेला तरी सभेतलाच. तो खुर्चीमागे उभा राहून भाषण करत होता. मग तू दिसलीस. निळा पोशाख, निळी हॅट, उडालेली वगैरे नाही, चांगली डोक्यावर बसलेली. मग नवरी कुणाशी तरी बोलायला टेबलांमधून चालत गेली. तोंड दिसायच्या आधी मी तिला चालीवरून ओळखलं. डावं पाऊल किंचित बाहेर टाकते. फिलिस, ते पोर माझ्या अंगणात चालायला शिकलं. त्या अंगणाला उतार आहे, म्हणून ते पाऊल तसं पडतं.

स्ट्रॉबेरींची पिशवी मी कठड्यावर ठेवली. माझ्या शेजारी ब्रॅडफर्डकडचं एक जोडपं होतं. बाई म्हणाली, "नवरीची आई ती निळी. मघापासून बघतेय, पोरीचा हात म्हणून सोडत नाही."

नवरा म्हणाला, "बिल भरलंय ना तिने, वसूल करतेय."

मग सिरिल म्हणाला, आणि हे मला वरपर्यंत स्वच्छ ऐकू आलं, "या मुलीला तिच्या आईने एकटीने वाढवलं. मी कामात असायचो. आजारी असतानासुद्धा हिने तिला एक दिवस दूर केलं नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. जिल मान खाली घालून टेबलावरचं कापड सारखं करत होती. तू तिच्याकडे पाहिलं नाहीस. मी पाहिलं.

ब्रॅडफर्डवाली मला म्हणाली, "तुमच्या ओळखीचे आहेत का कुणी?"

मी म्हटलं, "नाही."

"मग जरा सरकता का? ह्यांना फोटो घ्यायचाय."

मी सरकले. एका परक्या माणसाला जिलचा फोटो नीट घेता यावा म्हणून मी बाजूला झाले. हाक मारली असती तर खाली पोहोचली असती, एवढंच अंतर होतं. तू मान वर केली असतीस तर मी दिसले असते. तू सबंध वेळ एकदाही वर बघितलं नाहीस. त्या बागेतल्या प्रत्येकाने कधी ना कधी तटाकडे पाहिलं, तू सोडून.

साडेतीनला मी खाली उतरले आणि बसमध्ये जाऊन बसले. ड्रायव्हर म्हणाला, "लवकर आलात, शहर आवडलं नाही का?" मी त्याला चीज देऊन टाकलं. पाच वाजता बेसी आली, तिला सांगितलं की गुडघा दुखतो आहे. म्हणजे तुझं खोटं मीच खरं केलं.

तुला माझी लाज वाटली, हे मला कळतं. माझे हात, माझं बोलणं, माझी तपकिरी हॅट, हे सगळं पाद्रीबुवांच्या बागेत कुठे बसवायचं? पण तसं लिहायचं होतंस. "ॲग्नेस, येऊ नकोस, तू शोभत नाहीस." मी आले नसते. रडलेही नसते. तू मला वर माझ्याच तोंडाने तिला नकार द्यायला लावलास.

तुला १९५० चा ऑक्टोबर आठवत असेल. क्षयरोग्यांच्या इस्पितळातून सुटून तू पोरीला न्यायला आलीस. ती फाटकाला चिकटून बसली होती. सिरिल गाडीत, तू गाडीपाशी रडत उभी. तुझ्याच्याने होईना. तेव्हा मी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला म्हटलं, "जा, मला तू इथे नको आहेस." सहा वर्षांच्या पोराला. कारण त्याशिवाय ती गेली नसती. तू ते ऐकलंस. त्यानंतर सतरा वर्षांत त्या वाक्याबद्दल तू एक शब्द बोलली नाहीस, मीही नाही.

जिलने विचारलं आहे की मी ते म्हणाले का. ती चार दिवस माझ्याकडे येईन म्हणते. मी तिला खरं लिहिणार आहे. तुला आधी कळवते, एवढंच.

ॲग्नेस


यॉर्क,
४ जुलै

ॲग्नेस,

तुझं पत्र मी न्हाणीघरात कडी लावून वाचलं. सिरिलला दाखवलेलं नाही.

लाज म्हणतेस. लाज असती तर बरं झालं असतं. ह्यूच्या मामांना शेती फार आवडते, त्यांनी तुला जेवताना मेंढ्यांखेरीज दुसरं काही बोलू दिलं नसतं. तू तिथे सगळ्यांना आवडली असतीस. तुझ्या हॅटसकट.

आता माझं ऐक. मी पाच वर्षं इस्पितळाच्या ओसरीवर पडून होते. हिवाळ्यातसुद्धा तिथेच, पांघरुणावर बर्फ. तू दर महिन्याला जिलचा फोटो पाठवायचीस आणि मागे लिहायचीस, आज हे शिकली, आज ते म्हणाली. तू चांगल्या मनाने पाठवायचीस. मी प्रत्येक फोटो उशीखाली ठेवायचे आणि तुझा द्वेष करायचे. मग मी बरी झाले. तिला घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात ती जेवताना सिरिलला म्हणाली, "ही बाई कधी जाणार?" ही बाई म्हणजे मी. अकराव्या वर्षी तिला ताप चढला. तीन रात्री मी तिच्या उशाशी होते. ती तुला हाका मारत होती.

हे सगळं मी गिळलं. तू काही मागत नव्हतीस, त्यामुळे तुझ्याशी भांडताही येत नव्हतं.

जानेवारीत तिच्या पोशाखाचं माप घेत होते. तोंडात टाचण्या. ती म्हणाली, "पहिल्या बाकावर तू आणि ॲग्गी मावशी, दोघी शेजारी बसा. माझ्या दोन्ही आया." किती आनंदाने म्हणाली. तिला वाटलं मला आवडेल. मी टाचण्या काढून ठेवल्या आणि खाली येऊन चहा ठेवला. त्या दिवशी ठरवलं. मला एक दिवस हवा होता, ॲग्नेस. सबंध आयुष्यातला एक दिवस, की ज्यात लोक बोट दाखवून म्हणतील, ती नवरीची आई, आणि दुसरी कुणी नसेल. ब्रॅडफर्डची बाई तसं म्हणाली, हे तूच लिहिलंस. ते मी चार वेळा वाचलं.

मी वर बघितलं नाही, कारण मला माहीत होतं. तुला चढू नको म्हटलं की तू चढणार. पत्र टपालात टाकलं आणि त्याच क्षणी कळलं.

मी तुझ्या तोंडी घातलेली वाक्यं तुझीच आहेत असं मला म्हणता येणार नाही, ती माझी आहेत. पण पाच आठवड्यांनी ती जाते. हे तिला कळलं तर ती माझं तोंड न बघता जहाजात बसेल. मला डॉक्टर पुन्हा फुप्फुसाचं काहीतरी सांगतात. कॅनडाचा प्रवास मला करू देणार नाहीत, म्हणजे जे काही बघणं-बोलणं आहे ते या पाच आठवड्यांतच. तिची पाच वर्षं तुला मिळाली. मी पाच आठवडे मागते आहे.

तू तिला एकदा म्हणालीस, नको आहेस म्हणून. तेव्हा माझ्यासाठी म्हणालीस. आणखी एकदा म्हण.

फिलिस


स्केलबेक,
११ जुलै

जिल,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या आईने सांगितलं ते खरं आहे. तिने तीनदा बोलावलं, मी नाही म्हटलं. लग्नकार्यात मला करमत नाही आणि तू आता मोठी झालीस. इकडे यायची तसदी घेऊ नका. जुलैभर कातरणी आणि मग गवताची कापणी, घरात पाहुणे परवडत नाहीत.

कॅनडात थंडी फार असते म्हणतात. लोकरीचं आतून घालत जा.

ॲग्नेस हार्कर


स्केलबेक,
११ जुलै

फिलिस,

लिहिलं. हे पत्र मिळेल त्याच दिवशी तिलाही मिळेल.

तुझ्यासाठी लिहिलेलं नाही. एकाच पोरीला दोनदा आईपासून तोडणं माझ्याच्याने झालं नाही. तू जी मागणी केलीस ती कुणी कुणाकडे करू नये. मी ती पुरी केली, म्हणून ती बरोबर होत नाही.

तब्येतीचं खरं असेल तर काळजी घे. खोटं असेल तर कळवू नकोस. यापुढे पत्र पाठवू नकोस. आलं तर मी उघडणार नाही.

ॲग्नेस


लीड्स,
२ ऑगस्ट

प्रिय मावशी,

तुझं पत्र पोहोचलं. उत्तर द्यायला उशीर झाला, सामान बांधायचं चाललं आहे.

लहान असताना तू मला फाटकापाशी एकदा असंच म्हणाली होतीस. मला ते सगळं आठवतं. तुला वाटत असेल मी विसरले. त्यानंतर कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की मावशीने ते आईसाठी म्हटलं, तिच्या मनात तसं नव्हतं. मला त्याची इतकी खात्री होती की मी ह्यूलाही तसंच सांगितलं होतं. म्हणून यंदा आईने सांगितलेल्या तुझ्या निरोपाचा राग उतरल्यावर मला वाटलं, आई खोटं बोलते आहे. खरं सांगायचं तर तुझं पत्र येईपर्यंत मी आईशी नीट बोलतसुद्धा नव्हते. ते वाचल्यावर मी यॉर्कला जाऊन तिची माफी मागितली. ती खूप रडली. आता शनिवार-रविवार मी तिच्याकडेच असते. आमचं इतकं चांगलं कधी जमलं नव्हतं.

म्हणजे तू लिहिलंस ते बरंच केलंस. निदान मला कळलं.

आम्ही नऊ तारखेला निघतो. तिथला पत्ता मी आईकडे दिला आहे. कधी काही लागलं, तर तिच्याकडून घे.

जिलियन